ट्रेबल क्लेफ म्हणजे ॐ नव्हे, ते 'जी' हे अक्षर आहे

ठाण्यात नौपाड्याला मी मुलांना कीबोर्ड शिकवते. गेल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरला: ट्रेबल क्लेफ (पाश्चात्त्य स्वरलेखनात ओळीच्या सुरुवातीला काढतात ते वेटोळ्याचं चिन्ह) हे ॐचंच रूप, स्टाफच्या, म्हणजे स्वर लिहायच्या, पाच रेषा म्हणजे पंचमहाभूतं आणि बास क्लेफ (खालच्या स्वरांसाठीचं तसंच चिन्ह) म्हणजे नाद ऐकणारा कान. दोन मुलांनी ते वहीत उतरवूनही आणलं, म्हणून उत्तर देते.

आधी ॐचं. ट्रेबल क्लेफ म्हणजे रोमन 'जी'. स्वरलेखन हाताने उतरवून घेणाऱ्यांनी शतकानुशतकं गिरवून त्याला हे वळण आलं. खूण चिन्हातच आहे. त्याचं वेटोळं खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरतं, आणि ती रेषा 'जी' स्वराची (पाश्चात्त्य संगीतात स्वरांची नावं म्हणजे रोमन अक्षरं). 'क्लेफ' या फ्रेंच शब्दाचा अर्थच किल्ली: एका रेषेचा स्वर कळला की बाकीचे मोजून काढायचे. जुन्या फ्रेंच व्हायोलिनच्या लेखनात हेच वेटोळं सर्वांत खालच्या रेषेवर असे, मग 'जी' तिथे वाजे. चिन्ह एक रेष सरकलं की सगळे सूर सरकतात. ॐ कुठेही काढा, ॐच राहतो.

कानाचंही तसंच. बास क्लेफ हे 'एफ' अक्षर आहे. दोन ठिपके त्याच्या दोन आडव्या दांड्यांचे अवशेष, आणि त्यांच्या मधली रेषा 'एफ'ची.

पंचमहाभूतांसाठी रेषा पाचच हव्यात ना? ११व्या शतकात इटलीतल्या अरेत्सोच्या ग्वीदोने चार रेषांची पद्धत रुजवली. त्यात 'एफ'ची रेष लाल, 'सी'ची पिवळी. ग्रेगोरियन चांट, म्हणजे चर्चमधलं जुनं प्रार्थनागायन, आजही चार रेषांवरच छापतात.

'श्रद्धेने मानलं तर बिघडलं काय?' असं एका आईने विचारलं. बिघडतं. तिच्या मुलीने क्लेफ सुंदर काढला होता, पण वेटोळं तिसऱ्या रेषेवर. 'जी' तिथे समजून ती वाजवत गेली आणि ओळखीचं गाणं बेसूर झालं. रडवेली झाली पोर.

आपल्या हिंदुस्तानी संगीताच्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीत (भातखंडे, १८६०–१९३६) मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली बिंदू, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ. त्या बिंदूंत कुणी ब्रह्म शोधत नाही. ते पाहून आपण गातो. तेवढाच मान या 'जी'लाही द्यावा. ॐला रोमन अक्षराची साक्ष कशाला हवी?

शनिवारी सगळ्यांनी वही आणि पेन्सिल आणा. टोक दुसऱ्या रेषेवर ठेवून सुरुवात करू.