पुढचे ब्रेक पॅड घरी बदला, पण त्या मेसेजप्रमाणे नको

पावसाळा संपत आला की साताऱ्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: "पुढचे ब्रेक पॅड घरच्या घरी बदलता येतात, १५ मिनिटांचं काम. गाडीतला जॅक आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर बास. ज्या चाकातून आवाज येतो तेवढेच बदला. पॅडमध्ये जीव असेल तर पॉलिश पेपर मारून परत बसवा. सगळं पेट्रोलने धुवा, पिनांना ग्रीस लावा, ऑइल कमी दिसलं तर भरा आणि निघा."

यातली पहिली गोष्ट खरी आहे, म्हणून बाकीच्यांवरही लोकांचा विश्वास बसतो. पुढचे पॅड घरी बदलता येतात. (पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, आणि त्यांना धरून दाबणारा लोखंडी चिमटा म्हणजे कॅलिपर.) हात पान्याला सरावलेले असले, जागा सपाट असली आणि निवांत वेळ असला तर ज्याने त्याने हे काम शिकावंच, असं आमचं मत आहे. पण बाकीच्या सूचनांमध्ये जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चूक आहे, आणि ती चूक घराच्या फाटकापाशी कळत नाही. ती पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात कळते.

"१५ मिनिटांचं काम." पहिल्यांदा करणाऱ्याला दोन्ही चाकांना मिळून अडीच-तीन तास धरा. जुने पॅड ओढून नवे सरकवायला १५ मिनिटं पुरतात, हे बरोबर. वेळ जातो तो कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करण्यात, पॅडच्या कानांच्या (दोन टोकांच्या) जागा घासण्यात आणि पिस्टन, म्हणजे पॅड दाबणारा कॅलिपरमधला दट्ट्या, हळूहळू मागे नेण्यात. खरं काम तेच आहे. ते टाळलं तर नवे पॅडही जुन्यांसारखेच वाकडे झिजणार.

"गाडीतला जॅक बास." तो जॅक पंक्चरच्या वेळी चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. इथे तुम्ही हबवर जोर लावून बोल्ट सोडवणार, गाडी हलणार, आणि तो घसरू शकतो. जॅकने उचला, पण गाडीचं वजन जॅक स्टँडवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी घोडीवर) टेकवा. काढलेलं चाकही गाडीच्या कडेच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, विटा नकोत, त्या फुटतात. हँडब्रेक ओढा. तो मागच्या चाकांवर असल्याने पुढच्या कामात आड येत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, फक्त डिस्क हाताने फिरवून बघायची असेल तेवढ्यापुरती न्यूट्रल करा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे. आणि माची पेठेसारख्या चढाच्या गल्लीत घर असेल तर हे काम दारात करू नका, एखाद्या मित्राचं सपाट पार्किंग शोधा.

"मोठा स्क्रू ड्रायव्हर." हा सगळ्यात महाग पडणारा सल्ला. नवे पॅड जाड असतात, त्यामुळे बाहेर आलेला पिस्टन मागे ढकलावा लागतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसून तो रेटला की दोनपैकी एक होण्याचा धोका असतो: डिस्कवर चरा पडतो किंवा पिस्टनच्या कडेचं रबरी बूट फाटतं. बूट बोटाने दाबलं तर मऊ लागतं, कागदासारखं पातळ असतं. त्याला नखाएवढी चीर पडली तरी पावसाचं पाणी आत जातं, पिस्टनला गंज धरतो आणि वर्षभरात तो अडकायला लागतो. मग पॅडच्या खर्चात कॅलिपरचा खर्च मिळवा.

यासाठी सी-क्लॅम्प (सी आकाराचा, स्क्रूने आवळायचा शिकंजा) घ्या, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. कॅलिपरचा खालचा पिन-बोल्ट सोडला की बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅलिपर वर उघडतो. बोल्टाला साधारण १२ किंवा १४ चा रिंग पाना लागतो. दोन्ही बोल्ट काढावे लागले तर कॅलिपर ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून क्लॅम्प पाव-पाव आटा फिरवत न्या, म्हणजे पिस्टन सरळ जातो. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा आणि भोवती फडकं गुंडाळा, कारण पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं. साध्या हाताच्या जोराने पिस्टन जात नसेल तर तिथेच थांबा. तो अडकलेला आहे आणि कॅलिपर आतून खोलणं हे दारात करायचं काम नाही. कॅलिपर सुटलेला असताना कोणी ब्रेकवर पाय ठेवला तर पिस्टन बाहेर येऊन पडेल, तेव्हा मुलांना आधीच गाडीबाहेर काढा.

एका वेळी एकच चाक उघडा. क्लिप कशी होती, कोणता पॅड आत होता, असा घोळ झाला तर दुसरं चाक समोर नमुन्याला असतं. मोबाईलवर दोन-तीन फोटो काढून ठेवले तर उत्तमच.

"आवाज येतो तेवढेच बदला." पॅडचा सेट चारचा येतो, दोन्ही चाकांचा मिळून. एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर दोन्हींची पकड वेगळी होते आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. पण या सूचनेत मोठी चूक वेगळीच आहे. एकाच चाकातून आवाज येणं हे लक्षण आहे, आणि ते वाचायचं सोडून मेसेज ते झाकायला सांगतो.

चारही जुने पॅड काढल्यावर फरशीवर ओळीने मांडा: डावा बाहेरचा, डावा आतला, उजवा आतला, उजवा बाहेरचा. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, तोही आतल्या बाजूला. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच दाबाच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड जवळपास सारखे झिजतात. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरने पातळ दिसला तर कॅलिपर सरकत नाही, किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर एक पिन अडकलीय किंवा पॅडचे कान गंजात रुतलेत. मेढा, बामणोली, कास या बाजूला रोज जाणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. तिकडचा पाऊस आणि लाल चिखल चार महिने कॅलिपरवर बसतो, पिनेचं रबर कुठेतरी उचलतं आणि आतलं ग्रीस जुन्या गुळासारखं कडक होतं. अशी पिन हाताने ओढली तर निघत नाही, पाना लावून पिळावी लागते.

म्हणून "पिनांना ग्रीस लावा" हे वाक्य बरोबर असूनही घातक आहे, कारण कोणतं ग्रीस ते सांगितलेलं नाही. घरात असतं ते बेअरिंगचं साधं ग्रीस. ते खनिज तेलाचं असतं. त्याने पिनेवरचं रबर फुगतं, आणि काही महिन्यांत आज मोकळी झालेली पिन आधीपेक्षा घट्ट बसते. ब्रेकसाठी वेगळं सिलिकॉनचं, उष्णता सोसणारं ग्रीस मिळतं. छोटी पुडी दोन्ही चाकांना पुरते. जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढा, पिन फडक्याने चकचकीत करा, मग हरभऱ्याच्या दाण्याएवढं ग्रीस घेऊन पातळ थर द्या. जास्त भरलं तर पिनेच्या भोकात तळाशी ग्रीस आणि हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. वरची आणि खालची पिन काही गाड्यांत वेगळी असते, एकीच्या टोकाला रबरी नळी असते. त्यांची अदलाबदल करू नका. पिन घातल्यावर बोटाने आत-बाहेर करून बघा, लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली पाहिजे.

पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने घासून टाका आणि सेटबरोबर नव्या क्लिपा आल्या असतील तर त्याच वापरा. पॅड हाताने सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागला तर तो ब्रेक सोडल्यावर मागे येणार नाही. झीज दाखवणारी लोखंडी पट्टी बहुतेक गाड्यांत आतल्या पॅडला असते, जुना कसा बसला होता ते बघूनच नवा बसवा.

"पेट्रोलने धुवा." नको. पेट्रोल रबराला बाधतं, आणि गरम इंजिनाशेजारी उघड्या डब्यात पेट्रोल घेऊन बसणं हा वेगळाच धोका आहे. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो मारून फडक्याने पुसा. नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो, तोही यानेच जातो. काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका, ती फुफ्फुसात जाते. स्प्रेने भिजवून पुसायची.

पॉलिश पेपरची गोष्ट. नव्या पॅडचं मटेरियल साधारण १० मिलिमीटर असतं. ते ३ मिलिमीटरवर आलं की पॅड बदलायचा. तेवढ्या पातळ पॅडमधून डिस्कची उष्णता पिस्टनमार्गे थेट ऑइलपर्यंत जाते. पेपर मारून वरची चकाकी जाते, जाडी परत येत नाही. ऑइल किंवा ग्रीस मुरलेला पॅड तर घासूनही सुधारत नाही, तो टाकूनच द्यायचा. दुसरीकडे, सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला होणारी खरखर ही रात्रभरच्या पावसाने डिस्कवर आलेल्या गंजाची असते, त्यासाठी काही बदलायला नको.

डिस्क मात्र मोजाच. किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) थेट लावला तर त्याचे जबडे कडेच्या न झिजलेल्या ओठावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. आकडा किमान जाडीला आला असेल तर नवे पॅड घालून उपयोग नाही, डिस्कही बदलावी लागेल.

"ऑइल कमी दिसलं तर भरा." पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतलं ऑइल खाली जातं. म्हणजे पातळी उतरणं हीच पॅड झिजल्याची खूण. त्या वेळी वर भरलं तर नवे पॅड घालताना तेच ऑइल उतू जाणार. पॅड नवे असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे, ती शोधली पाहिजे. भरून ती झाकली जाते, थांबत नाही.

आणि जुनं ऑइल हवेतली ओल शोषतं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) चं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, ओल मुरलेलं १४० च्या आसपास. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. पाचगणीहून वाईला उतरताना गाडी ५०० मीटरहून जास्त खाली येते. माणसांसकट १,१०० किलोची गाडी ५०० मीटर उतरते तेव्हा सुमारे ५४ लाख ज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे १६ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणण्याइतकी. काही वारा खातो, काही टायर, दुसऱ्या गिअरात असाल तर बरीच इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर वारा आणि टायर सोडून उरलेली सगळी ब्रेकवर, आणि त्यातली बहुतेक पुढच्या डिस्कवर. त्या तापाने ओलसर ऑइलात वाफ झाली की पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून ऑइल दर २ वर्षांनी पूर्ण बदलायचं. झाकणावर जो डॉट आकडा लिहिलाय तोच वापरायचा, आणि मागच्या वर्षी फोडलेली बाटली वापरायची नाही.

"आणि निघा." इथे अपघात होतात. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पाय ठेवला की पेडल थेट तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. गाडी सुरू करण्याआधी पेडल हळूहळू दाबत राहा, चार-पाच वेळांनंतर ते वर घट्ट येईल. मग ऑइलची पातळी बघून झाकण लावा. पिनेचे बोल्ट छोट्या गाड्यांत साधारण २२ ते ३५ न्यूटन-मीटर आणि चाकाचे नट ८५ ते ११० च्या आसपास असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतला धरा. पिनेच्या बोल्टावर टॉमी (लांब दांडा) लावून उभं राहू नका, त्याचे आटे जातात. नट समोरासमोरचे क्रमाने आवळा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. पहाटेच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर ६० च्या वेगावरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट चालवून डिस्क गार होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. पुढचे दोनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, आणि उसाचा हंगाम चालू असेल तर तेवढे दिवस रात्री गाडी काढूच नका. मागे दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर आली तर पूर्ण ताकदीचा ब्रेक लागतो आणि तो अजून तयार नसतो.

पेडल चार-पाच वेळा पंप करूनही स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे. गाडी जागेवरून हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. सगळं नीट वाटलं तर पहिला घाट उतरल्यावर वाईत गाडी बाजूला घ्या आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ, हात न लावता, तळवा धरून बघा. ताप दोन्हीकडे सारखा हवा. एकीकडे झळ जास्त आली तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अजून अडकतोय.