मोबाईल नाकाला लावून कानाची नळी तपासणाऱ्यांनो

आमच्या गावच्या ग्रुपवर आठवडाभर एक ऑडिओ फिरतोय. मोबाईल नाकाशी धरा, त्यातला 'टूंSS' लावा आणि थुंकी गिळा. आवाज वाढला नाही तर घशातून कानात जाणारी नळी जाम, दोन वर्षांत ठार बहिरे! उपाय काय, तर लसूण जाळलेलं जवसाचं तेल कानात. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मोठ्या आईला तो 'टूं' ऐकूच आला नाही. तिनं चुलीवर कढली चढवली, म्हणून हे लिहितो.

आधी तेल. कानाचं भोक आणि ही नळी यांच्यामध्ये पडदा असतो. तो शाबूत असेल तर वरून ओतलेलं तेल नळीपर्यंत पोचतच नाही; गरम असलं तर कातडी तेवढी पोळते. आणि पोचत असेल, तर पडदा फाटलेला आहे. मग तर एक थेंबही घालायचा नाही, कारण तेल आणि त्यासोबतची घाण सरळ मधल्या कानात. मोठ्या आईचा उजवा कान लहानपणापासून फुटका. "काऊन घालू नको? आम्ही तर घालतच होतो," म्हणते. घालत होता, अन् कान अजून वाहतोच आहे न!

आवाजाची तपासणी असते, हे नाइलाजानं मान्य. तिला सोनोट्युबोमेट्री म्हणतात. १९७८ साली फिनलंडच्या विर्तानेननं ती नीट मांडली. नाकपुडीत आवाज सोडायचा, कानाच्या भोकात माइक घट्ट बसवायचा आणि माणसाला गिळायला लावायचं. नळी एरवी मिटलेली असते. गिळताना टाळूचा स्नायू ती क्षणभर ओढून उघडतो, तेवढ्यात नाकातला आवाज कानात पोचतो आणि माइकवर साधारण ५ डेसिबलची चढण दिसते. आवाज ६ ते ८ किलोहर्ट्झचा, म्हणजे बराच वरच्या पट्टीतला, कारण गिळण्याचा गुडगुडाट त्याच्या खालच्या पट्टीत असतो. म्हणजे तिथं ऐकतो तो माइक, पेशंट नाही! मोबाईलचा आवाज तर बाहेरच्या हवेतूनच कानात शिरतो, नळी उघडी असो की बंद. शिवाय इतकी वरची पट्टी वयानुसार आधी जाते. मोठ्या आईला 'टूं' ऐकू आला नाही, यात नळीचा काय दोष?

आणि धडधाकट माणसाची नळीसुद्धा दर घोटाला उघडलेली यंत्रावर दिसत नाही, म्हणून पुन्हापुन्हा गिळायला लावतात. 'दोन वर्षांत बहिरे' यावर काय बोलायचं!

सर्दीत किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना कान दडपतात आणि घोट घेतला की 'टक' करून सुटतात, एवढं त्या ऑडिओत खरं आहे. दडपण आठवडेच्या आठवडे राहिलं, त्यातही एकाच कानात, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

नळीची एवढीच काळजी असेल तर खर्र्याबद्दल, त्या सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाबद्दल बोला. सुपारीनं तोंड उघडेनासं होतं, त्या आजारात टाळूचे स्नायूही आखडतात आणि नळी उघडायला जड जाते. ऑडिओत त्यावर चकार शब्द नाही. पाठवणारा भाचा पानठेल्यावरच बसलेला असतो, तो कसा बोलणार?