मत द्यायला गेम खेळावा लागत नव्हता

रविवारी रात्री ताईने एक पोस्ट पाठवली. तीच पोस्ट त्याआधी तीन गटांतून माझ्याकडे येऊन गेली होती आणि मी ती न वाचताच सोडून दिली होती. या वेळी मात्र खाली ताईने लिहिलं होतं, "बघ गं, हा आता मराठी संवाद काढून टाकायचं म्हणतोय."

हा म्हणजे माझा भाचा. दीड वर्ष झालं, तो आणि त्याचे दोन मित्र एका जुन्या वाड्यातल्या कोड्यांचा गेम बनवताहेत. त्यातली आजी मराठीत बोलते, खाली इंग्रजी अक्षरं येतात. पोस्ट वाचून पठ्ठ्याने इन्स्टाग्रामवर मतदान घेतलं, आजीने मराठीत बोलावं की इंग्रजीत. इंग्रजी जिंकली. मत देणाऱ्यांपैकी एकानेही गेम पाहिलेला नव्हता.

पोस्टचं म्हणणं असं: स्टीमसारख्या, कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत टाकाऊ गेमचा पूर आलाय, म्हणून नवा गेम विकायला ठेवण्याआधी गिऱ्हाईकांचं मतदान घ्यावं. त्याने कचरा थांबेल, लोकांना हवं तेच येईल, छोट्या डेव्हलपरला मोठ्यांच्या बरोबरीने संधी मिळेल. आणि स्टीमकडे असं मतदान होतं, 'ग्रीनलाइट' नावाचं. स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने पैशाच्या लोभाने ते बंद पाडलं.

२०१३-१४ मध्ये मी स्वतः ग्रीनलाइटवर मतं देत होते. त्यामुळे ही पोस्ट वाचताना फार चिडचिड झाली.

"मतदानाने कचरा थांबेल." थांबला नव्हता. ग्रीनलाइट ३० ऑगस्ट २०१२ ला सुरू झालं आणि पहिल्या काही दिवसांतच खोट्या आणि चेष्टेच्या नोंदींनी इतकं भरलं की वाल्व्हला घाईघाईने १०० डॉलर शुल्क लावावं लागलं. ते पैसे 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेला जात. पुढे मंजुरीचा वेग वाढत गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये तर एका दमात १०० गेम मंजूर झाले. स्टीमवरच्या गेमचे आकडे मोजणाऱ्या 'स्टीम स्पाय' या साइटप्रमाणे २०१६ अखेर स्टीमवर जेवढे गेम होते, त्यांतले ३८ टक्के त्या एकाच वर्षात आलेले. हे सगळं मतदान चालू असताना घडलं. ज्या पुराबद्दल पोस्ट रडते, तो मतदानाच्या दारातूनच आत आला.

"लोकांना काय हवं ते लोकच जाणतात." सगळ्यात घातक मुद्दा हा आहे, कारण ऐकायला तो अगदी रास्त वाटतो.

मत कसं दिलं जायचं ते सांगते. एक पान उघडायचं. त्यावर छोटा व्हिडिओ, चार चित्रं, दोन परिच्छेद. खाली प्रश्न, हा गेम स्टीमवर आला तर विकत घ्याल का? हो म्हणायला पैसे लागत नसत, खेळून पाहण्याची अट नव्हती, आणि हो म्हटल्यावर पुढे गेम घ्यावा लागतो असंही नव्हतं. एका संध्याकाळी मी तीस-चाळीस गेमना मतं देऊन टाकत असे. त्यातले नंतर विकत किती घेतले? दोन. म्हणजे मी ज्याला मत देत होते तो गेम नव्हताच, त्याची जाहिरात होती.

मग त्या मतांचा बाजार भरला. "आम्हाला मत द्या, गेमची 'की' फुकट घ्या" अशा योजना सर्रास चालत; 'की' म्हणजे गेम आपल्या खात्यात उघडणारा कोड. मीही अशा दोन-तीन की घेतल्यात, आणि त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अनेक गेमचे स्वस्त गठ्ठे विकणाऱ्या साइट मंजूर न झालेले गेम गठ्ठ्यात घालायच्या, घेणारे मत देऊन यायचे. भरपूर चाहते असलेल्या यूट्यूबरने नुसतं नाव घेतलं तरी मतं धावत सुटायची. ज्याची 'की' वाटायची तयारी नाही आणि ओळखीचा यूट्यूबरही नाही, त्याचा गेम महिनोन्‌महिने रांगेत.

याहून वाईट प्रकार कार्डांचा. स्टीमवर गेम चालू ठेवला की ट्रेडिंग कार्डं, म्हणजे डिजिटल चित्रं, मिळतात आणि ती स्टीमच्याच बाजारात विकता येतात. काही जण नावापुरता गेम बनवून ग्रीनलाइटमधून पार करून घ्यायचे, हजारो 'की' काढून आपल्याच बॉटना, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खोट्या खात्यांना, द्यायचे, आणि बॉटनी गोळा केलेली कार्डं विकून कमवायचे. तो गेम एकाही माणसाने खेळला नाही तरी त्यांचं काही अडत नसे. वाल्व्हने हे मे २०१७ मध्ये स्वतः लिहिलं आणि कार्डांचे नियम बदलले. पोस्टकर्ते ज्याला लोकांची पसंती म्हणतात, तिच्या आडून हे चाललं होतं.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मनाविरुद्ध करतेय. ग्रीनलाइटमुळे चांगले गेम आले. 'स्टारड्यू व्हॅली' २०१२ मध्ये तिथेच पहिल्यांदा लोकांसमोर आला, एका माणसाने बनवलेला, आणि २०१६ मध्ये प्रकाशित झाल्यावर जगभर खपला. फेब्रुवारी २०१७ मध्ये वाल्व्हने ग्रीनलाइट बंद करत असल्याचं निवेदन काढलं. त्यात आकडा आहे: ग्रीनलाइटमधून आलेल्या १०० हून जास्त गेमनी प्रत्येकी किमान १० लाख डॉलर कमावले. पोस्टमध्ये हा आकडा मोठ्या अक्षरांत दिलाय.

पण त्या निवेदनातलं पुढचं म्हणणं पोस्टने गाळलंय. यातले बरेच गेम जुन्या, कंपनीच्या माणसांनी निवडलेल्या दुकानात आलेच नसते, असं वाल्व्ह म्हणते. म्हणजे तुलना बंद दाराशी आहे. किलकिलं दार बंद दारापेक्षा बरं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. उघड्या दारापेक्षा बरं, हे नाही. आणि त्या यशातून आपण काय शिकलो, तेही तिथे लिहिलंय: स्टीमवर एक गिऱ्हाईक नाही, अनेक तऱ्हांची गिऱ्हाइकं आहेत, कुणी एकाच गेममध्ये हजारो तास घालवतं, कुणी वर्षाला डझनावारी गेम घेऊन थोडे थोडे खेळतं. अशा ठिकाणी सगळ्यांचं मिळून एक मतदान घेतलं की थोड्यांना फार आवडणारा गेम हरतो. मराठी बोलणारी आजी नेमकी तिथेच हरते.

"छोट्यांना समान संधी." याचं उत्तर पुण्यातच आहे. इथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. किकस्टार्टर हे मतदानच, उलट जास्त प्रामाणिक, कारण तिथे मत देताना खिशात हात घालावा लागतो. त्या निकालावर दुकानाचं दार बंद झालं असतं तर 'राजी' तिथेच संपला असता. तो २०२० मध्ये आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळवून गेला.

"पैशाच्या लोभाने बंद केलं." जून २०१७ पासून ग्रीनलाइटच्या जागी स्टीम डायरेक्ट आहे: मतदान नाही, दर गेममागे १०० डॉलर भरायचे. गेमची विक्री १,००० डॉलरपर्यंत गेली की ते परत मिळतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला १०० डॉलर जड जातात, हे खरं. पण ग्रीनलाइटलाही १०० डॉलरच लागायचे. एकदाच भरायचे, एवढं मात्र खरं.

गिऱ्हाईकाने न्याय करू नये, असं मी म्हणत नाही. खेळून करावा. २०१५ पासून स्टीमवर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. डेमो ठेवता येतो, नंतर घ्यायचे गेम नोंदवून ठेवायची विशलिस्ट आहे, विकत घेतलेल्यांचे अभिप्राय आहेत.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. जरा जास्तच चढ्या आवाजात. तो म्हणाला, "मावशी, पण एकशे बारा जणांनी इंग्रजी म्हटलं ना." मी म्हटलं, त्यातल्या दहा जणांना घरी बोलाव, पहिली खोली खेळायला दे, आणि मग विचार.

शनिवारी सात जण आले. ताईने पोहे केले. एकाने आजीचा आवाज बंद करायचं बटण कुठे आहे ते विचारलं. दोघींनी आजी अजून कुठे कुठे बोलते ते शोधायला पूर्ण झालेली खोली परत उघडली. स्टीमवर विक्री सुरू करण्याआधी किमान दोन आठवडे गेमचं पान लोकांना दिसावं लागतं. ते पान तो या आठवड्यात टाकतोय. भाषेच्या रकान्यात आवाजापुढे मराठी लिहिलंय, आणि आवाज बंद करायचं बटण पहिल्याच पडद्यावर आणलंय.