चाळीस जणांची एकच आठवण: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचा राग पोचला, म्हणूनच सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकातली कपिल देवची १७५ धावांची खेळी टीव्हीवर कुणीच पाहिली नाही, असं लिहून मी तुमच्या बाबांना खोटं पाडलं. गावातल्या चाळीस माणसांनी ती ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर एकत्र पाहिली, आणि चाळीस जण एकदम चुकत नसतात. शिवाय खेड्यातल्या माणसाला अडाणी समजायची लिहिणाऱ्यांना सवयच असते.

तुमचे बाबा खोटं बोलत नाहीत. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. बाबा मनापासून सांगतात, "म्या माह्या डोयानं पायलं." ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आहेच. पण १८ जून १९८३ चा इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सचा तो सामना टीव्हीवर दाखवलाच गेला नाही, त्याचं चित्रीकरणही नाही. मग चित्र आलं कुठून?

बरोबर एका आठवड्याने, २५ जूनला, अंतिम सामना झाला. दोन्ही दिवस शनिवार. अंतिम सामना मात्र दूरदर्शनने दाखवला. कपिल तोच, स्पर्धा तीच, त्याने मागे पळत जाऊन घेतलेला वेस्ट इंडिजच्या रिचर्ड्सचा झेल लोकांनी खरंच पाहिला. काय घडलं ते माणसाच्या लक्षात राहतं. ते पाहिलं, ऐकलं की वाचलं, हे फार लवकर पुसट होतं. त्यात डिसेंबर २०२१ मध्ये '८३' हा सिनेमा आला आणि ज्या खेळीचं चित्र नव्हतं तिचंही चित्र पडद्यावर मिळालं.

आता पानठेल्यावरच्या गप्पा आठवा. आमच्या यवतमाळकडे हा विषय निघाला की एक जण म्हणतो, "सतरावर पाच गेलते." दुसरा लगेच, "पयले गडी गेले तवा कपिल आंगोय करत होता ना बे!" तिसरा किरमाणीचं नाव घेतो, तो दुसऱ्या टोकाला टिकला म्हणून. आंघोळीचा किस्सा कोणत्याच कॅमेऱ्यात दिसला नसता. तो खेळाडूंनीच नंतर सांगितला. तरी तो 'पाहिलेल्या' गोष्टीतच मिसळून सांगितला जातो. एकाने सांगायचं, चौघांनी मान डोलवायची, पाचव्याने भर घालायची. वर्षानुवर्षं हे चाललं की यातला आपला तुकडा कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून चाळीस जणांचं एकमत हे माझ्या लेखी चाळीस साक्षी नव्हेत. एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं असतं, तर त्या एकमताला मी नक्की वजन दिलं असतं.

'अडाणी' हा शब्द मला खरंच लागला. ४ ऑक्टोबर १९९२ ला ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान राहत्या इमारतींवर कोसळलं. विमान आदळतानाचं चित्रीकरण कुणाकडेच नव्हतं. काही महिन्यांनी डच मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, 'तो क्षण तुम्ही टीव्हीवर पाहिलात का?' ५५ टक्के लोक हो म्हणाले. पुढे हाच प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यांना विचारला, तर त्यांच्यातले जवळपास दोन तृतीयांश हो म्हणाले! साक्षीपुराव्याचं शिक्षण घेणारी ही पोरं. त्या प्रश्नातच 'चित्रीकरण आहे' असं गृहीत होतं, आणि नंतरच्या बातम्यांनी, चर्चांनी बाकीचं भरून दिलं. यात खेडं-शहर, शिकलेला-न शिकलेला असा भेद नाही. नेल्सन मंडेला ऐंशीच्या दशकात तुरुंगातच वारले, असं कितीतरी देशांतल्या लोकांना पक्कं आठवतं. ते सुटले १९९० मध्ये, गेले २०१३ मध्ये.

तुम्हाला एक विनंती. बाबांना आणि त्यांच्या सोबत्यांना एकेकटं गाठा, पारावर सगळे जमलेले असताना नको. कपिलचं नाव आधी काढू नका. ग्रामपंचायतीत टीव्ही कोणत्या साली आला, त्या वर्षी मृगाचा पाऊस कसा होता, पेरणी झाली होती का, सामना बघताना शेजारी कोण बसलं होतं, एवढंच विचारा आणि जसं सांगतील तसं लिहून घ्या. पंचायतीच्या जुन्या दप्तरात टीव्हीच्या खरेदीची नोंद सापडली तर तीही बघा. जे मिळेल ते इथेच लिहा, मी ते मूळ लेखाखाली जोडतो.