‘लेखिकाबाई कधी मागे बसल्याच नसाव्यात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात दुचाकीवर मागे बसणाऱ्यांच्या हेल्मेटबद्दल लिहिलं होतं. त्यावर ‘एक जुना पुणेकर’ अशी सही करून एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शहरात गाडी वीस-पंचवीसच्या वर जातच नाही, तेव्हा हेल्मेट हायवेवर ठीक. हेल्मेटने मान धरते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्यांची काळजी करा. डोकं माझं आहे, निर्णयही माझाच. आणि शेवटी हे वाक्य: ‘लेखिकाबाई स्कूटरवर कधी मागे बसल्याच नसाव्यात, कारमध्ये बसून उपदेश करणं सोपं असतं.’

दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग तिसऱ्या दिवशी बसले लिहायला.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे आणि मी सरसकट ‘प्रत्येकाला सक्ती’ असं लिहिलं होतं. ती चूक होती. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता सुराबद्दल. ‘बाई’ या शब्दाला माझी हरकत नाही. सत्तावीस वर्षं शाळेत मुलं मला बाईच म्हणत होती, अजूनही लक्ष्मी रोडवर कुणी मागून ‘बाई!’ अशी हाक मारली की मी आनंदाने थांबते. तुम्ही तो शब्द ज्या सुरात लिहिलात तो सूर वेगळा आहे आणि तो मला कळतो. मुद्दा खोडायचा तर मुद्दा खोडा. मी कशात बसते आणि कशात नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

विचारलंतच, तर ऐका.

१९८६ साली कॉलेजला जायला मला लुना मिळाली, ती मी सहा वर्षं चालवली. १९९२ साली लग्न झालं आणि नवऱ्याच्या चेतकवर मागे बसायला लागले. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर पर्स, पर्सवर पिशवी, एक हात पदराला, दुसरा सीटला. मुलगी झाल्यावर ती पुढे पायाशी उभी आणि मी मागे. दांडेकर पुलापासून शाळेपर्यंत सकाळी सहा पन्नासला अशी मी किती वर्षं गेले ते मोजलेलं नाही. पाऊस आला की सीटच्या रेक्झिनवर पाणी साचायचं आणि जरा ब्रेक लागला की बसल्या जागी पुढे घसरायला व्हायचं. हे कारमधून दिसत नाही, बरोबर आहे तुमचं. आमच्याकडे चारचाकी आली २०१६ साली आणि ती बहुतेक वेळ खालीच उभी असते. मंडईत आजही आम्ही दोघं स्कूटरवरच जातो.

आणि आता जे मूळ लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं ते लिहिते, कारण तुमच्या त्या वाक्यानंतर गप्प बसवत नाही.

१९९८ चा जुलै. माझा भाऊ कंपनीतून सुटून परस्पर आईला घ्यायला आला होता. त्याच्या कंपनीच्या गेटवर हेल्मेटशिवाय आत सोडत नसत, म्हणून त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. आई मागे बसली, एका बाजूला, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत कोथिंबीर आणि मावशीकडून आणलेला भाजणीचा डबा. नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबली. भुरभुर पाऊस होता. सिग्नल सुटला, मागच्या बसने हॉर्न दिला, भावाने क्लच जरा झटक्यात सोडला आणि आई मागच्या मागे गेली. तिचा एक हात डबा सांडू नये म्हणून पिशवीला होता.

गाडीचा वेग किती होता म्हणाल? जेमतेम हलली होती. तुमच्या वीस-पंचवीसच्याही खूप खाली.

आई स्वतः उठली. फुटपाथवर बसून पाणी प्यायली, विस्कटलेली कोथिंबीर गोळा केली आणि म्हणाली, ‘काही झालं नाही रे, चल.’ रक्ताचा थेंब नव्हता. घरी येऊन तिने सगळ्यांना चहा केला. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिला उलटी झाली, मग शब्द अडखळायला लागले, माझं नाव घेताना ती मावशीचं घ्यायला लागली. रात्री ऑपरेशन. कवटीच्या आत रक्त साकळलं होतं.

आई वाचली, तेरा वर्षं जगली. पण तिचा वास गेला. डोक्याला मागून मार बसला की मेंदू आतल्या आत हलतो आणि नाकाच्या वरच्या हाडातून मेंदूकडे जाणारे वासाचे अगदी बारीक तंतू तुटू शकतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तिचे ते परत जोडले गेले नाहीत. जिच्या फोडणीच्या वासावरून आम्ही जिन्यातच ओळखायचो आज काय आहे, ती बाई गॅसपाशी उभी राहून दर पाच मिनिटांनी विचारायची, ‘करपलं का गं?’ दूध उतू जाऊन जळत असायचं आणि ती शेजारीच उभी असायची. गणपतीत केवड्याचं पान नाकाशी धरून ती नुसती बघत राहायची. नंतर नंतर तिने स्वयंपाकघरात एकटीने जाणंच सोडलं.

एकाच स्कूटरवर दोन माणसं होती. हेल्मेट एकाकडे होतं आणि पडली दुसरी. भाऊ अजून तो प्रसंग काढू देत नाही.

तेव्हा ‘मागे बसल्याच नसाव्यात’ हे लिहिण्याआधी तुम्ही क्षणभर थांबायला हवं होतं. समोरच्याच्या घरात काय घडलंय हे माहीत नसताना अशी वाक्यं टाकू नयेत, एवढं तरी आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं.

वेगाच्या बाबतीत आणखी एक. मागे बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून ते खाली आलं तर रस्त्याला लागताना त्याचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर भरतो, गाडी जागच्या जागी उभी असली तरी. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवलं होतं आणि वर्ग एकदम शांत झाला होता. सिग्नलला उभ्या गाडीवरून पडणारीलाही रस्ता तेवढाच लागतो.

आता ‘डोकं माझं, निर्णय माझा’. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत विचार करण्यासारखं हे एकच वाक्य आहे. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात लोक रस्त्यावर उतरले, काहींनी पुणेरी पगड्या चढवल्या, तेव्हाही हेच ऐकलं होतं. सरकारने माणसाच्या डोक्यापर्यंत यावं का, हा प्रश्न खोटा नाही आणि तो विचारणाऱ्याला मी मूर्ख समजत नाही.

पण हे वाक्य मी आजवर मागे बसणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकलेलं नाही. एकदाही नाही. ते नेहमी हँडल धरणाऱ्याच्या तोंडी असतं. शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी कितीतरी आयांना विचारलं, तुमचं हेल्मेट कुठे? उत्तरं अशी: ‘ह्यांचं एकच आहे.’ ‘मला कुठे चालवायचीय?’ ‘माझ्यासाठी वेगळं कशाला, आणि ठेवायचं कुठे?’ ‘अंबाड्यावर बसत नाही.’ यात निर्णय कुठे आहे? नव्या गाडीबरोबर एक हेल्मेट येतं, ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर जातं किंवा आरशाला लटकतं. दुसरं घ्यायचं का, हा विषयच घरात निघत नाही. आणि पुढे पायाशी उभं केलेलं पोर? कायद्याने, वर सांगितलेली पगडीची सूट सोडली तर, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही नियम आला, हेल्मेट हवं आणि गाडी चाळीसच्या आत हवी. त्या पोराचा निर्णय कुणी घेतला?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५०,०२९ आहे. त्यातले ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. मूळ लेख त्या १४,३३७ जणांबद्दल होता. तुम्ही प्रतिक्रियेत त्यांचा एका शब्दाने उल्लेख केला नाहीत. लेख खाली सरकवून शेवटपर्यंत वाचलात की नाही, अशी मला शंका आहे.

शिवाय गाडीच्या मागच्या चाकाला साडीगार्ड असतो. पदर चाकात जाऊ नये म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम तो लावायला सांगतो, मागे बसणाऱ्याला धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागाही सांगतो. ‘पदर तिचा, निर्णय तिचा’ म्हणून साडीगार्डविरोधी मोर्चा निघाल्याचं तुम्हाला आठवतं का? मला तर आठवत नाही. पदराच्या बाबतीत आपण सगळे शहाणे आहोत, मग डोक्याशीच का अडतो, हे मला खरोखर कुणीतरी समजावून सांगा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. खड्डे बुजवलेच पाहिजेत, त्यात वाद कसला? खड्डे आहेत म्हणून तर गाडीवरून माणूस उडतो. केस गळण्याबद्दल त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. हॉर्नचं म्हणाल तर पुण्यात राहून हॉर्न ऐकू येत नाही ही तक्रार मी प्रथमच ऐकते. मानेचं म्हणाल, तर योग्य मापाचं हेल्मेट घ्या, डोक्यावर गोल फिरणारं नको. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा जो आढावा निघाला त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो असं आलं. तुमच्या मामेभावाला हेल्मेट असूनही लागलं असं तुम्ही लिहिलंय, याचं मला वाईट वाटतं, पण त्यावरून हे आकडे खोटे ठरत नाहीत.

‘हेल्मेट कंपन्यांची जाहिरात’ असंही तुम्ही लिहिलंय. त्याला उत्तर देणार नाही.

त्यापेक्षा एका वाचक मैत्रिणीने खाली विचारलंय ते उपयोगाचं आहे, की साडी आणि अंबाडा असताना हेल्मेट बसवायचं कसं. मी २००३ पासून मागे बसताना घालते. सुरुवातीला लग्नाकार्याला निघाले की शेजारणी हसायच्या, नवऱ्यालाही चारचौघांत अवघडल्यासारखं व्हायचं. अंबाडा मानेवर अगदी खाली बांधा किंवा सरळ वेणी घाला, गजरा पोचल्यावर माळा. हेल्मेट रस्त्याकडेच्या ढिगातून दोन-तीनशेला उचलू नका, आयएसआयची खूण बघा. १ जून २०२१ पासून ती नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. आत हात घालून बघा, कापडाच्या अस्तरामागे थर्मोकोलसारखा जाड थर लागला पाहिजे. धक्का तो थर खातो, स्वतः चेपून. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. आणि हनुवटीखालचा पट्टा लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच जागा ठेवा.

‘जुना पुणेकर’, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. सक्तीबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी राहू दे, त्यावर पुन्हा कधी बोलू. पण मी मागे बसले नसेन हे जे लिहिलंत, तेवढं वाक्य मागे घ्या.