चिचेन इत्सा न दाखवल्याबद्दलच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

चिचेन इत्सा आणि तुलुम या मेक्सिकोतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या स्थळांबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. आपल्या क्रूझ सहलीतला कोझुमेल बंदराचा दिवस तुमच्या आणि वहिनींच्या मनासारखा गेला नाही, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. वहिनींना त्या दिवशी ऊन बाधलं होतं, आता त्यांची तब्येत बरी असेल ना?

पण "कंपनीने पैसे वाचवायला चिचेन इत्सा गाळलं आणि तुलुमला नेऊन दीड तासात उरकलं" हे वाक्य तुम्ही एक तारा देऊन सगळ्यांसमोर लिहिलंत, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर द्यावं लागतंय. पुढच्या मे महिन्याच्या सहलीचं बुकिंग सध्या चालू आहे आणि फोन करणारे आधी याच वाक्याबद्दल विचारतात. हा व्यवसाय मी आणि माझे यजमान दोघंच चालवतो. आमचं घर यावरच चालतं.

कोझुमेल हे बेट आहे. तिथून समोरच्या प्लाया देल कार्मेनला जायला फेरीबोटीने पाऊण तास लागतो आणि तिथून चिचेन इत्सा बसने सुमारे अडीच तास. म्हणजे जाऊन-येऊन साडेसहा तास निव्वळ प्रवास. जहाज सकाळी आठला लागलं आणि साडेचारला सगळ्यांनी परत आत असायचं होतं. उतरण्याची रांग, बोटीची वाट, तिकीट खिडकी धरली तर पिरॅमिडसमोर तासभरही उभं राहता आलं नसतं. आणि रस्त्यात बस अडकली असती तर? जहाज स्वतःच्या सहलीसाठी थांबतं, आमच्यासारख्या बाहेरच्या गटासाठी थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावं लागतं, आणि बहुतेकांचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत होते. गटात सत्तरी ओलांडलेली माणसं असताना मी ही जोखीम घेणार नाही. तुलुम प्लायापासून तासाभरावर आहे, म्हणून तुलुम. सहलीच्या पत्रकातही तुलुमच छापलेलं होतं.

पैसेच वाचवायचे असते तर कोझुमेल बेटावरच सान हेर्वासिओ आहे. इश्चेल देवीचं ठिकाण, जिथे पूर्वी मुख्य भूमीवरून माया लोक होडीने यात्रेला येत. तिथे फेरीचं तिकीट लागत नाही. तुलुमला फेरी, बस, स्थळाचं तिकीट आणि वर जाग्वार राष्ट्रीय उद्यानाचं वेगळं शुल्क, हे सगळं आम्ही भरलं.

आता दीड तासाबद्दल. तुलुमला जवळजवळ अडीच तास ठरले होते. गँगवेपाशी, म्हणजे जहाजातून उतरायच्या जिन्यापाशी, सव्वाआठला जमायचं, "जहाजाच्या घड्याळाप्रमाणे", हे आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी स्वतः सांगितलं आणि ग्रुपवरही टाकलं. कोझुमेल आणि तुलुम ज्या राज्यात आहेत ते क्विंताना रू 2015 पासून वर्षभर एकच वेळ पाळतं, उन्हाळ्यात काटे पुढे करत नाही. आपलं जहाज मायामीच्या वेळेवर होतं, म्हणून मे महिन्यात किनाऱ्यावरचं घड्याळ जहाजाच्या तासभर मागे असतं. तुम्ही मोबाइलमध्ये सव्वाआठ वाजलेले पाहून खाली आलात तेव्हा जहाजावर सव्वानऊ झाले होते. बाकीची मंडळी तासभर ताटकळली, ठरलेली फेरी गेली. तेव्हा कोणीही तुम्हाला शब्दाने दुखावलं नाही, मीही नाही. आणि तुलुममध्ये गाइड दारावरचा तो डोकं खाली, पाय वर असलेला उतरणारा देव दाखवत होता, कड्याच्या टोकावरचं कास्तिल्यो हे मुख्य मंदिर आणि गावाची तटबंदी समजावून सांगत होता, त्या वेळी तुम्ही पार्किंगजवळच्या दुकानांत होतात. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण दीड तास "उरकला" म्हणालात म्हणून लिहिते.

चिचेन इत्साच्या पिरॅमिडवर पायऱ्यांच्या कठड्यावरून उतरणारा सावलीचा साप बघायचा राहिला, असंही तुम्ही लिहिलंय. तो मार्च आणि सप्टेंबरमध्ये विषुवदिनाच्या आसपास, दुपार कलल्यावर दिसतो. मे महिन्यात कोणीही नेलं असतं तरी दिसला नसता. चिचेन इत्साच्या पिरॅमिडवर चढायला 2006 पासून बंदी आहे, तेही आमच्या हातात नाही.

चढायचं म्हणून तर आम्ही बेलीझला 'अल्तुन हा' हे माया स्थळ निवडलं होतं. तिथल्या ज्या मंदिरातल्या थडग्यात 1968 साली सूर्यदेवाचं सव्वाचार किलोहून जास्त वजनाचं जेड या हिरव्या दगडाचं मस्तक सापडलं, त्याच मंदिराच्या माथ्यावर तुम्ही उभे आहात, असा फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकलात. खाली "अविस्मरणीय" असं लिहिलंत. त्या दिवसाचा अभिप्रायात एका शब्दानेही उल्लेख नाही, याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

चिचेन इत्साच हवं असेल तर मेक्सिकोच्याच प्रोग्रेसो बंदरात थांबणारं जहाज बरं. तिथून फेरी लागत नाही, रस्त्याने दोनेक तासांत पोचता येतं, आणि उश्माल हे दुसरं माया स्थळही साधारण तेवढ्याच वेळात. तसं जहाज सुट्टीच्या तारखांत मिळतंय का ते आम्ही बघतोय. वेळेची सूचनाही यापुढे आणखी ठळक देऊ, उन्हासाठीही काहीतरी व्यवस्था करू.

तुम्ही आणि वहिनी सवडीने ऑफिसला या. नकाशा आणि त्या दिवसाचं वेळापत्रक दोन्ही समोर ठेवून बोलू. त्यानंतरही एकच तारा द्यावासा वाटला तर तो तसाच राहू द्या, पण "पैसे वाचवायला" हे दोन शब्द तेवढे काढा, ही विनंती.

आपली,
संचालिका