परतीचे दोर आधी कापायचे नसतात

तो संदेश अखेर माझ्या भाच्याच्या फोनवर पोचला आणि पठ्ठ्याने राजीनाम्याचा मसुदा लिहायला घेतला. तुम्हालाही आला असेल, 'यशस्वी उद्योजकांची पाच सूत्रं'. पहिलं, नोकरी सोडा, परतीचे दोर कापा. दुसरं, स्वतःचा पैसा घालू नका, कर्ज काढा. तिसरं, फक्त विक्री वाढवा, नफा मागून येतो. चौथं, तिशीच्या आत सुरुवात करा. पाचवं म्हणजे धमकीच: नव्वद टक्के धंदे पहिल्याच वर्षी बुडतात, कारण लोक ते अर्ध्या मनाने करतात. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, कसला आधार नाही. तरी माणसं यावर विसंबून घराचं उत्पन्न थांबवायला निघतात, याचा मला संताप येतो.

सगळ्यात घातक पहिलं सूत्र. दोर कापण्याचा दाखला द्यायचाच तर गोष्ट तरी नीट आठवावी. कोंढाण्यावर दोर कापले ते मावळे गडावर चढून गेल्यानंतर, तानाजी पडल्यावर फौजेचे पाय मागे वळू लागले तेव्हा. पायथ्याशीच दोर कापले असते तर वर कोण पोचलं असतं? धंदा सुरू करणाऱ्यासाठी पगार हा चढायचा दोर आहे.

हे नुसतं माझं मत नाही. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या १९९४ ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २०१४ साली 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल'मध्ये आला. नोकरी सांभाळून धंदा सुरू केलेले आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरलेले लोक एका बाजूला, नोकरी सोडून थेट धंद्यात उडी घेतलेले दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटाचा धंदा बंद पडण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. संदेशातल्या सूत्राच्या नेमकं उलट! नायकी कंपनीचे फिल नाइट यांनी १९६४ साली बूट विकायला सुरुवात केली आणि पुढची पाच वर्षं आधी हिशेबनिसाची नोकरी, मग अध्यापन करत धंदा चालवला. ॲपल १९७६ साली सुरू झाली तेव्हा तिचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरीलाच होते.

यामागचं कारण सरळ आहे. पगार चालू असला की मिळेल त्या भावात माल द्यावा लागत नाही. पैसे बुडवेल असं वाटणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं. आणि आपली वस्तू लोकांना नकोच आहे हे कळलं, तर कमी नुकसानीत थांबता येतं. पहिल्या काही महिन्यांत हेच तर शोधायचं असतं: ओळखीपाळखीबाहेरचा माणूस खिशातून पैसे काढतो का, आणि पुन्हा येतो का?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कधी ना कधी पूर्णवेळ द्यावाच लागतो, आणि दिवसभर गल्ल्यावर बसावं लागतं असे धंदे फक्त सुट्टीच्या दिवशी चालत नाहीत. तिथे घरात दुसरं कोणी कमावतं हवं, नाहीतर निदान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा बाजूला हवा. एरवी वेळेअभावी ऑर्डरी परत पाठवाव्या लागू लागल्या की राजीनाम्याचा विचार करा. नोकरीचा करारही आधी वाचा. काही करारांत जोडधंद्याला मनाई असते.

कर्जाचं सूत्रही तितकंच घातक. हप्त्याची तारीख विक्री झाली की नाही ते पाहत नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंद्याचं देणं हे मालकाचं स्वतःचं देणं असतं, म्हणजे घरदार आणि साठवलेले पैसे सगळंच पणाला लागतं. 'दुसऱ्याच्या पैशावर धंदा' असं म्हणणाऱ्याने ही ओळ का गाळली? चालत्या धंद्यात, हातात पक्क्या ऑर्डरी असताना यंत्रासाठी कर्ज काढणं वेगळं. चाचपडत असताना काढलेलं कर्ज हे चाचपडणंच महाग करतं.

विक्री वाढली की नफा येतो, हेही खोटं. समजा माल रोखीने घेतला, दोन महिन्यांच्या उधारीवर विकला. विक्री दुप्पट झाली की मालात अडकणारे पैसेही दुप्पट. वहीत नफा दिसतो आणि पगार द्यायला पैसे नसतात. चांगले चालणारे धंदे असेच अडकतात. आणि एका नगावर तोटा असेल तर जास्त विकून तो वाढतोच. स्वतःची मजुरी किमतीत न धरणाऱ्यांना हा तोटा दिसतही नाही. धंद्याचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलं तर निदान लवकर कळतं.

नव्वद टक्क्यांचा आकडा कुठून आला कोण जाणे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या नोंदींनुसार साधारण वीस टक्के नवे व्यवसाय पहिल्या वर्षात बंद होतात, आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. निम्मे हेही कमी नाहीत, मान्य. पण अर्ध्या मनाने केले म्हणून ते बंद पडले, असं त्या नोंदी कुठेच सांगत नाहीत.

राहिली वयाची अट. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या माहितीवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासात, सर्वात वेगाने वाढलेल्या हजारात एक कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं. चाळिशी ओलांडलेल्या कोणाला हा संदेश आला असेल तर त्यांनी ती ओळ खुशाल विसरावी.